गावाहून राजधानी पाहायला निघताना: राष्ट्रपती भवन, संसद आणि विधानभवन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली भागातली एखादी शाळा, बचत गट किंवा ग्रामपंचायत दिल्लीचा बेत आखायला बसली की ठरावीक प्रश्न येतात. कोणी व्हॉट्सॲपवर विचारतं, कोणी बाजाराच्या दिवशी टपरीवर गाठतं. ते सगळे इथे एका जागी लिहिले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या सरकारी इमारती आपल्यासारख्या साध्या माणसाला आतून पाहता येतात का, की वरपर्यंत ओळख लागते?

पाहता येतात. राष्ट्रपती भवनाला कोणाचीही ओळख लागत नाही, स्वतः नोंदणी करायची. संसदेच्या प्रेक्षक दीर्घेत (गॅलरीत) बसायला खासदाराची शिफारस लागते आणि विधानभवनाला आमदाराची. ही शिफारस म्हणजे मेहेरबानी नाही, त्यांच्या कार्यालयाचं ते नेहमीचं काम आहे. म्हणून मागायला लाजू नका, मात्र वेळेत मागा.

२. दिल्लीला दोनच दिवस आहेत. काय काय धरायचं?

राष्ट्रपती भवन आणि संसद ही दोन मुख्य. दोन्ही रायसीना टेकडीच्या आसपास आहेत. नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने राजीव चौक, पटेल चौक आणि मग केंद्रीय सचिवालय, म्हणजे तिसऱ्याच स्टेशनवर उतरायचं. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली खुलं झालं. तिथे पैसे लागत नाहीत आणि शिफारसही लागत नाही. तीन मूर्ती भवनाच्या आवारातलं प्रधानमंत्री संग्रहालय २०२२ पासून सुरू आहे, तिथे तिकीट आहे. सर्वोच्च न्यायालयातही आगाऊ नोंदणी करून मार्गदर्शकासोबत फेरी मारता येते. कायद्याच्या विद्यार्थ्यांचा गट असेल तर ती जरूर धरा.

दोन दिवसांत यातलं सगळं कोंबू नका. सकाळी एक, दुपारी एक. चाळीस माणसं सुरक्षा तपासणीतून पलीकडे जाईपर्यंत तासभर कसा जातो ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

३. राष्ट्रपती भवनाची नोंदणी कशी करायची? सेतू केंद्रातून होते का?

नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे एवढी खात्री करा. सेतूवाला किंवा गावातला कॉलेजचा पोरगा फॉर्म भरून देईल, पण मोबाइल क्रमांक गटप्रमुखाचाच द्या. सगळे निरोप त्यावरच येतात.

तिथे वेगवेगळ्या फेऱ्या आहेत: मुख्य इमारत, संग्रहालय आणि उद्यान. मुख्य इमारत आणि संग्रहालयासाठी फेरीमागे माणशी ५० रुपये नोंदणी शुल्क आहे. तारीख आणि वेळ निवडायची, प्रत्येकाचं नाव व ओळखपत्राचा क्रमांक भरायचा, पैसे ऑनलाइन भरायचे आणि पावती छापून घ्यायची. सोमवारी आणि राजपत्रित सुट्यांना बंद असतं.

मुख्य इमारतीत काय आहे असंही विचारतात. एडविन लुटयेन्सने आखलेली ३४० खोल्यांची ही वास्तू इंग्रजांच्या व्हाइसरॉयसाठी बांधली गेली. जिथे पद्म पुरस्कार दिले जातात त्या दरबार हॉलचं नाव जुलै २०२४ पासून ‘गणतंत्र मंडप’ आहे आणि अशोक हॉलचं ‘अशोक मंडप’. अमरावतीकडच्या मंडळींना मुद्दाम सांगतो: २००७ ते २०१२ या काळात इथे राहिलेल्या प्रतिभाताई पाटील १९९१ साली अमरावतीतूनच लोकसभेवर गेल्या होत्या. आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या तेव्हापासून मेळघाट-गडचिरोलीच्या बाया दिल्लीत पहिलं हेच घर पाहायला मागतात.

शनिवारी दिल्लीत असाल तर तिथला गार्ड बदलण्याचा सोहळा सोडू नका. घोडे, बँड, सगळं. पोरं बाकीची दिल्ली विसरतील, हे विसरणार नाहीत. त्याचीही नोंदणी आधीच करावी लागते.

४. अमृत उद्यान म्हणजे तेच मुघल गार्डन ना? त्याला वेगळी परवानगी आहे का?

तेच. जानेवारी २०२३ मध्ये नाव बदललं. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ते लोकांसाठी खुलं असतं, प्रवेश मोफत आहे आणि सोमवारी बंद असतं. नोंदणी त्याच संकेतस्थळावर, पण वेगळी. मुख्य इमारतीची पावती उद्यानाला चालत नाही, उद्यानाची मुख्य इमारतीला चालत नाही. दारंही वेगळी आहेत.

बचत गटांनी एक लक्षात ठेवा. हंगामातले काही दिवस विशिष्ट लोकांसाठी राखून ठेवतात. २०२५ मध्ये मार्चअखेरीस दिव्यांग, संरक्षण दलं, महिला व आदिवासी महिला बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक यांना असा एकेक दिवस दिला होता. त्या वर्षीचं वेळापत्रक जाहीर झालं की हे दिवस आधी बघा.

५. संसदेत प्रत्यक्ष कामकाज चालू असताना बसायचं आहे. पास कसा मिळतो?

अधिवेशन चालू असताना प्रेक्षक दीर्घेचा पास खासदाराच्या शिफारशीने मिळतो. खासदाराला लेखी द्यावं लागतं की या माणसाला मी ओळखतो. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोन तरुणांनी लोकसभेच्या दीर्घेतून थेट सभागृहात उड्या मारल्या, तेव्हापासून खासदारांची कार्यालयं फार जपून सही करतात. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. म्हणून नुसतं ‘साहेब, ४० पास द्या’ म्हणून चालत नाही. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, मोबाइल आणि ओळखपत्राची झेरॉक्स अशी प्रत्येकाची माहिती आधी पाठवा.

पास ठरावीक वेळेचा असतो, दिवसभराचा नाही. चाळीस जणांना एकत्र बसवणं जवळपास अशक्य, तुकड्या पडतात. लोकसभेत सकाळी ११ ते १२ आणि राज्यसभेत दुपारी १२ ते १ प्रश्नोत्तरांचा तास असतो. जमलं तर ती वेळ मागा. मंत्री उभे राहून उत्तर देताना दिसतात, नाहीतर गोंधळ होऊन सभागृह तहकूब झालेलं दिसतं. तेही पाहण्यासारखंच आहे.

माझं स्पष्ट मत: दीर्घेचा पास मागा, पण गावात कबूल करू नका. जे तुम्ही स्वतः नोंदवू शकता त्यावर दौरा उभा करा. म्हणजे राष्ट्रपती भवन. संसद मिळाली तर वरची कमाई. ‘संसद दाखवतो’ म्हणून दवंडी दिली आणि पास आले नाहीत, तर परतीच्या गाडीत जे ऐकावं लागतं ते नको.

६. आमच्या खासदाराच्या कार्यालयातून उत्तरच येत नाही. दुसऱ्या कोणाचं पत्र चालेल का?

चालतं. शिफारस आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराची हवी असा नियम नाही. विदर्भात लोकसभेचे १० मतदारसंघ आहेत, शिवाय राज्यसभेचे खासदार आहेत. राज्यसभेच्या खासदाराकडे गर्दी कमी असते, हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. पक्ष कोणता हे पाहू नका. पास मागितला म्हणजे त्या पक्षात गेलो असं होत नाही.

फोन करत बसण्यापेक्षा जिल्ह्यातल्या जनसंपर्क कार्यालयात कागद प्रत्यक्ष द्या, आवकचा शिक्का घ्या आणि दिल्लीतल्या स्वीय सहायकाचा नंबर मागून घ्या. खरं काम तिथेच होतं.

७. उन्हाळ्याच्या सुटीत अधिवेशन नसतं. मग संसद बाहेरूनच पाहायची का?

नाही. अधिवेशन नसताना परवानगी घेऊन आतून इमारत पाहता येते. खासदारामार्फत लोकसभा सचिवालयाकडे विनंती करायची. शाळा-कॉलेजच्या अभ्यासभेटी सचिवालयाची ‘प्राइड’ ही प्रशिक्षण संस्था आखते. संस्थेच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी लागते. कामकाज दिसत नाही, पण निवांत पाहता येतं. लहान मुलांच्या गटाला मला हेच बरं वाटतं.

दोन इमारतींचा घोळ होऊ देऊ नका. खांबांची गोल इमारत जुनी, १९२७ सालची. तिचं नाव आता ‘संविधान सदन’. कामकाज चालतं ती शेजारची त्रिकोणी नवी इमारत, २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेली. तिच्या लोकसभेत ८८८ आणि राज्यसभेत ३८४ जणांची बसायची सोय आहे. तिथलं सागवान नागपूरहून गेलेलं आहे, हे पोरांना आधी सांगून ठेवा. आपल्या भागातलं लाकूड म्हटल्यावर पाहायची नजर बदलते.

जुन्या इमारतीच्या मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा पहिल्यांदा बसली. आपल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या सभेचे सदस्य होते. तिथे जायचं असेल तर परवानगीच्या पत्रात ‘संविधान सदनासह’ असं लिहा, गृहीत धरू नका.

८. आधी रेल्वेचं तिकीट काढायचं की आधी परवानगी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. दीर्घेचा पास मात्र अगदी तारखेच्या तोंडावर मिळतो. परवानगी हातात आल्यावर तिकीट काढू म्हणाल तर चाळीस जणांना जागा मिळणार नाही.

म्हणून आधी आठवडा ठरवा: सोमवार टाळायचा, राजपत्रित सुट्या पाहायच्या, संसद हवी तर अधिवेशनाच्या तारखा पाहायच्या. मग यादी पक्की करा (प्रश्न १०). ६० दिवस आधी तिकीट, राष्ट्रपती भवनाची नोंदणी उघडली की लगेच ती, आणि खासदारांना पत्र तिकिटाच्या आधीच द्यायचं, म्हणजे तारखांचा अंदाज त्यांनाही राहतो. बुधवारी दिल्लीत पोचणारा दौरा उत्तम बसतो. गुरुवार-शुक्रवार संसदेचे कामाचे दिवस मिळतात, शनिवारी गार्ड बदल पाहून रात्रीच्या गाडीने परत. संसद शनिवार-रविवारी बसत नाही.

९. कोणता महिना चांगला?

शेतकऱ्यांच्या गटाला फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च. तूर घरी आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी आटोपत आलेली असते, दिल्लीची थंडी ओसरलेली असते, उद्यान खुलं असतं आणि अर्थसंकल्पी अधिवेशनही साधारण याच काळात असतं. मध्ये काही दिवस त्याला सुटी असते, तेवढी पाहून घ्या. दहावी-बारावीच्या पालकांची मात्र अडचण होते.

डिसेंबर-जानेवारी टाळा. धुक्याने गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. त्यातही जानेवारीचा उत्तरार्ध नकोच: २६ जानेवारीच्या तालमींसाठी कर्तव्य पथ आणि विजय चौकाचा भाग वेळोवेळी बंद होतो, २९ तारखेच्या बीटिंग रिट्रीटपर्यंत हे चालतं. मे महिन्याच्या उन्हाला चंद्रपूरचा माणूस घाबरत नाही हे खरं, पण मोहा-तेंदूच्या दिवसांत गडचिरोलीतून गट निघतच नाही.

१०. यादी यादी म्हणता, ती नेमकी कशी करायची?

दौऱ्याचं निम्मं काम ही यादी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वहीत नावं लिहून घेऊ नका. वहीत ‘वामनराव’ असतं, आधारवर ‘वामन’. वहीत ‘बेबीताई’ असते, कार्डावर ‘शकुंतला’. प्रत्येकाचं ओळखपत्र हातात घ्या आणि कार्डावर आहे तसंच्या तसं उतरवा, इंग्रजी स्पेलिंगसह. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. जन्मतारीखही कार्डावरचीच. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला येतो, येऊ द्या. तपासणारा खरी तारीख विचारत नाही, कागद जुळतो का ते पाहतो.

माणसागणिक एकच ओळखपत्र ठरवा आणि रेल्वे, राष्ट्रपती भवन, खासदाराचं पत्र या तिन्ही ठिकाणी तेच वापरा. एकीकडे आधार आणि दुसरीकडे मतदार कार्ड दिलं की दारावर गोंधळ होतो. रकाने एवढे ठेवा: कार्डावरचं नाव, वय, पुरुष की स्त्री, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, मोबाइल, घरचा दुसरा मोबाइल, आजार किंवा औषध. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. बीपी-शुगर विचारूनच भरा.

यादी झाली की ग्रामसेवक, मुख्याध्यापक किंवा बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताई अशा तिसऱ्या माणसाकडून कार्डांशी पडताळून घ्या. ज्याने लिहिली त्याला स्वतःची चूक दिसत नाही. मग चार प्रती काढा, एक गावात ठेवा. आधारच्या झेरॉक्स दौरा संपला की परत करा किंवा फाडून टाका, त्या कोणाच्या कपाटात पडू देऊ नका.

११. आमच्या गटातल्या चार बायांच्या आधारवर माहेरचं नाव आहे आणि मतदार कार्डावर सासरचं. काय करायचं?

दुरुस्तीच्या मागे न लागताही जाता येतं. एकच कार्ड निवडायचं आणि सगळीकडे त्यावरचंच नाव द्यायचं. आधार निवडलं तर तिकीटही माहेरच्या नावाने काढा. बायांना ते विचित्र वाटतं, नवऱ्यांना जास्त वाटतं, पण दारावर अडत नाही. आधारवरचा फोटो लहानपणीचा असेल किंवा चेहरा ओळखूच येत नसेल, तर मात्र निघण्याच्या बऱ्याच आधी आधार केंद्रात जाऊन अद्ययावत करा.

१२. ऐन वेळी एकजण गळाला. त्याच्या जागी भावाला नेलं तर?

राष्ट्रपती भवनात किंवा संसदेत चालणार नाही, नोंदणी त्या माणसाचीच असते. रेल्वेत आरक्षित तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, नवरा-बायको एवढ्यांच्या नावावर बदलता येतं, पण गाडी सुटण्याच्या २४ तास आधी स्टेशनवर अर्ज द्यावा लागतो. म्हणजे भाऊ दिल्लीपर्यंत येईल, आत जाणार नाही. त्याला युद्ध स्मारक दाखवा. दौऱ्याच्या दोन आठवडे आधी यादी गोठवा आणि तसं सगळ्यांना सांगून टाका.

१३. कोणती गाडी बरी? चाळीस जणांचं तिकीट एकदम निघतं का?

नागपूरहून दिल्ली साधारण १,१०० किलोमीटर. बल्लारशा-चंद्रपूर-सेवाग्राम भागातून जी.टी. आणि दक्षिण एक्स्प्रेस, चंद्रपूरहून तेलंगणा, गोंदियाहून गोंडवाना. वऱ्हाडातल्या मंडळींना नागपूरला उलटं येण्यापेक्षा भुसावळ गाठून कर्नाटक एक्स्प्रेस किंवा पंजाब मेल पकडणं सोयीचं पडतं. गोंडवाना निजामुद्दीनला उतरवते, नवी दिल्लीला नाही. मुक्काम ठरवताना हे पाहा.

एका तिकिटावर सहाच नावं बसतात. मोठ्या गटासाठी रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आधी अर्ज करून परवानगी घेता येते. विद्यार्थ्यांना सवलत आहे, त्यासाठी शाळेच्या पत्रासह आरक्षण कार्यालयात जावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मिळते म्हणून रेल्वेतही मिळेल असं धरू नका.

१४. महाराष्ट्र सदनात मुक्काम होतो का?

दिल्लीत दोन सदनं आहेत, कोपर्निकस मार्गावरचं जुनं आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं. खोल्यांवर पहिला हक्क मंत्री, आमदार-खासदार आणि अधिकाऱ्यांचा. अधिवेशनात तर विचारूच नका. दोन-चार जणांना नशिबाने मिळेल, चाळिसांच्या गटाने त्या भरवशावर निघू नये. धर्मशाळा किंवा पहाडगंजचं हॉटेल आधी पाहून ठेवा. सदनात जेवायला मात्र जाऊन या. दोन दिवस छोले-पराठे झाल्यावर पोळी-भाजी काय असते ते कळतं.

१५. शाळेची सहल असेल तर कोणाकोणाची परवानगी लागते?

शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, मुली असतील तर सोबत शिक्षिका. राज्याबाहेर जायचं म्हणून प्रस्ताव लवकर द्या. मुलांचं शाळेचं ओळखपत्र आणि आधार दोन्ही सोबत असू द्या. बाकी यादी प्रश्न १० प्रमाणेच.

१६. ग्रामपंचायतीच्या पैशातून सदस्यांना दिल्ली दाखवता येईल का?

सरसकट नाही. राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानात लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी अभ्यास दौऱ्याची तरतूद आहे, पण तो दौरा वरून मंजूर झालेला असावा लागतो. आपणच ठराव घेऊन सामान्य फंडातून गाडी काढली तर लेखापरीक्षणात वसुली निघते. गटविकास अधिकाऱ्यांचं लेखी घ्या, तोंडी ‘जा ना’ पुरत नाही. आणि दौऱ्यात सरपंचांचे पाहुणे घुसवू नका.

१७. आत काय नेऊ देत नाहीत?

संसदेच्या दीर्घेत मोबाइल, कॅमेरा, पिशवी, कागदपत्रं काहीही नेता येत नाही. राष्ट्रपती भवनाच्या मुख्य इमारतीतही मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. अमृत उद्यानात मोबाइल, पाण्याची बाटली आणि छोटी पर्स चालते.

आपल्याकडच्या मंडळींचा खरा अडसर वेगळा आहे: खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, काडीपेटी, अडकित्ता, खिशातला चाकू, सगळं तपासणीत निघतं. एकाच्या बंडीच्या चोरखिशातून पुडी निघाली की मागची सगळी रांग थांबते. सकाळी बसमध्ये चढतानाच खिसे रिकामे करून घ्या, तिथे ऐकून घेण्यापेक्षा इथे बोललेलं बरं. गळ्यातले पक्षाचे दुपट्टे, बिल्ले आणि बॅनरही बसमध्येच.

मोबाइल नसल्यावर माणसं हरवतात. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी द्या: गटप्रमुखाचा नंबर, मुक्कामाचा पत्ता, भेटायची जागा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर कुलूप लावलेली बॅगच घेतात. गाठोडी आणि नायलॉनच्या पिशव्या परत देतात.

१८. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं सोबत आहेत. झेपेल का?

राष्ट्रपती भवनात व्हीलचेअर मिळते, नोंदणी करताना तसं कळवा. चालणं बरंच आहे आणि मध्ये बसायला कमी. संसदेच्या दीर्घेत १० वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, त्यांच्यासोबत बाहेर कोण थांबणार ते आदल्या रात्रीच ठरवा. माहिती सांगणारे हिंदी-इंग्रजीत बोलतात. हिंदीची आपल्याकडे अडचण नसते, पण गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या आजीबाई असतील तर त्यांच्या जोडीला सांगणारं कोणीतरी द्या.

१९. तिथे गेल्यावर राष्ट्रपतींना किंवा मंत्र्यांना पीकविम्याचं निवेदन देता येईल का?

भेट देणाऱ्यांच्या फेरीत नाही. निवेदनाचे कागद सोबत दिसले तर उलट चौकशी होते. राष्ट्रपती सचिवालयाचं तक्रारींसाठी स्वतंत्र ऑनलाइन पोर्टल आहे, टपालानेही पाठवता येतं. मंत्र्यांना द्यायचं असेल तर खासदारामार्फत वेगळी वेळ घ्या, दौऱ्याच्या वेगळ्या दिवशी. दीर्घेत बसून घोषणा देणं किंवा पत्रकं भिरकावणं हा सभागृहाचा अवमान ठरतो, त्याला शिक्षा आहे. शिवाय ज्याने पास दिला तो खासदार पुन्हा तुमच्या तालुक्यातल्या कोणालाच देणार नाही.

२०. एकजण म्हणतो, माणशी पाचशे रुपये द्या, संसदेचा पास काढून देतो. द्यायचे का?

नाही. दीर्घेचा पास विकत मिळत नाही, त्याला पैसे लागतच नाहीत. राष्ट्रपती भवनाचं शुल्क फक्त संकेतस्थळावर भरायचं. सेतूवाल्याने फॉर्म भरण्याची मजुरी घेतली तर गोष्ट वेगळी. आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा अनोळखी माणसाच्या हाती देणं हे पैसे जाण्यापेक्षा वाईट.

२१. दिल्ली परवडत नाही. नागपुरात काही होऊ शकतं का?

होतं, आणि गावच्या शाळेला मी आधी हेच सुचवतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, साधारण डिसेंबरात. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात विधानसभा आणि विधान परिषद दोन्हींच्या दीर्घांमध्ये आमदाराच्या शिफारशीने बसता येतं. आपला आमदार त्या दिवसांत आमदार निवासात किंवा विधानभवनात सापडतोच, मुंबईला फेऱ्या माराव्या लागत नाहीत. सकाळची एसटी पकडून रात्री घरी. साध्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत. शाळेने प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी एसटी भाड्याने, बस घ्यावी.

अडचण एकच: मोर्चे. अधिवेशनात रस्ते वळवतात, बस दूर थांबवावी लागते. तारखा आणि कालावधी कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि त्या ऐन वेळी कमी-जास्त होतात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांवर विसंबू नका. उरलेल्या वेळात जवळचा झिरो माइल आणि अजब बंगला (नागपूरचं जुनं संग्रहालय) होतो. अजब बंगल्याला सोमवारी सुटी. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी याच काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग भरतो, त्यासाठी कॉलेजने विद्यापीठाकडे विचारावं.

२२. मग मुंबईचं मंत्रालय?

ती पाहायची जागा नाही, कामाची आहे. काम असेल तर प्रवेशपास काढून जा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईच्या विधानभवनात असतं, पासाची रीत नागपूरसारखीच. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस थेट जाते.

२३. चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांना दिल्लीपेक्षा जवळचं राष्ट्रपती भवन आहे म्हणे. खरं का?

खरं. सिकंदराबादजवळ बोलारमला राष्ट्रपती निलयम आहे, राष्ट्रपतींचं दक्षिणेतलं निवासस्थान. २०२३ पासून ते जवळपास वर्षभर लोकांसाठी खुलं असतं, सोमवारी बंद. बल्लारशाहून काझीपेठमार्गे अर्ध्या दिवसात पोचता येतं. नोंदणी राष्ट्रपती भवनाच्याच संकेतस्थळावरून. राष्ट्रपती स्वतः मुक्कामाला येतात तेव्हा, बहुधा डिसेंबरात, ते बंद ठेवतात.

२४. बाबासाहेबांचं परिनिर्वाण झालं ती जागा दिल्लीत पाहता येते का?

येते. २६, अलीपूर रोड इथे १३ एप्रिल २०१८ ला राष्ट्रीय स्मारक खुलं झालं. मेट्रोच्या त्याच पिवळ्या मार्गावर सिव्हिल लाइन्स स्टेशनला उतरायचं. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. विदर्भातून जाणाऱ्या गटांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून तासाभराची नाही, पूर्ण अर्ध्या दिवसाची जागा ठेवा. माणसं तिथून लवकर निघत नाहीत.

२५. सगळं ठरलं, दिल्लीतही पोचलो, आणि आदल्या रात्री मेसेज आला की भेट रद्द. आता?

होतं असं. परदेशी पाहुणे आले, कोणा मोठ्या नेत्याचं निधन झालं, सुरक्षेचं कारण निघालं, की फेऱ्या रद्द करतात आणि त्याला दाद नसते. मेसेजमध्ये दुसरी तारीख किंवा पैसे परत मिळण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. दुसऱ्याच दिवशीची वेळ रिकामी असेल तर लगेच नोंदवा, सकाळपर्यंत थांबू नका. संसद तहकूब झाली तर त्या दिवसाचे पास बाद. खासदारांच्या स्वीय सहायकाला फोन करून दुसऱ्या दिवसाचे मागा.

म्हणूनच दौऱ्यात परवानगी न लागणारी दोन ठिकाणं राखीव ठेवायची (प्रश्न २ आणि २४). एवढं करूनही ती वेळ आलीच, तर गटाला रात्रीच खरं ते सांगा. सकाळी आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून लोक बसमध्ये बसल्यावर सांगितलं तर त्या गटाला पुढे कुठेही नेणं कठीण.